बिराप्पा मास्तरांच्या बैठका

दर गुरुवारी बिराप्पा मास्तर आमच्या घरी जेवायला यायचे, आणि गुरुवार उजाडला की आई मोठी परात काढायची. आठ भाकरी लागायच्या त्यांना. ज्वारीच्या, ताटभर रुंदीच्या. एखाद्या वेळी पीठ कमी पडून सातच झाल्या तर मास्तर तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण पाणी दोन तांबे जास्त प्यायचे, आणि ते बघून आईच्या जिवाला लागायचं. "माणूस अर्धपोटी उठला की हो आपल्या दारातनं," असं ती अण्णांना संध्याकाळपर्यंत ऐकवायची. लसूण घालून कुटलेली शेंगाची चटणी मास्तरांना मुठीनं लागायची, वर कच्चं तेल. आमटीचा भुरका त्यांनी मारला की त्याचा आवाज बोळातून थेट नव्या पेठेत जात असणार, असं आम्हा भावंडांना वाटायचं आणि आम्ही आत तोंडाला हात लावून हसायचो. पान त्यांचं ओसरीवर मांडलेलं असायचं. ते धनगर, मंद्रूपचे. आमचं घर कारकुनाचं, सोवळ्याओवळ्याचं. आई वरून वाढायची, आणि जेवण झालं की मास्तर आपलं ताट आपण विसळून भिंतीशी उपडं घालायचे. त्या काळी यात कुणाला काही खटकत नव्हतं, असं लिहायचा मोह होतो. पण मास्तरांना आम्ही कधी विचारलंच नाही, तेव्हा कुणाला म्हणजे आम्हाला, एवढंच.

हे जेवण सुरू झालं माझ्यापायी. दहा वर्षांचा होईपर्यंत मी म्हणजे नुसत्या काड्या. चार पायऱ्या चढलो की मांड्या थरथरायच्या, खेळात कुणी मला घ्यायचं नाही, आणि आई दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या देवाला काहीतरी कबूल करून यायची. बिराप्पा मास्तर आमच्या शाळेत ड्रिल शिकवत. एक दिवस त्यांनी मला वर्गातून दंडाला धरून बाहेर काढलं, उलटसुलट करून बघितलं, आणि अण्णांना म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगं मोडलेलं न्हाय. नुसतं वापरात न्हाय. मला द्या दोन वर्सं." अण्णांनी दिलं. मग रोज पहाटे तालमीत जाऊन तेलाचं मालीश, जोर, बैठका, आणि शाळेच्या मैदानातल्या मलखांबावर चढणं. पहिले सहा महिने मी रोज रडलो. मास्तर रडण्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. दोन वर्षांनी मी मलखांबावर दोन हात वर जाऊन लटकायला लागलो तेव्हा आईनं त्यांच्यापुढं पदर पसरला आणि म्हणाली, दर गुरुवारी माझ्याकडं जेवायचं, नाही म्हणायचं नाही.

अण्णा त्याच शाळेत कारकून होते. माणूस घाबरट, पण कामात चोख. अक्षर असं की हेडमास्तर इन्स्पेक्टरला मुद्दाम दाखवायचे. शाळेच्या कचेरीची शाईसुद्धा अण्णा घरी स्वतः बनवायचे. बाजारची पूड त्यांना पसंत नव्हती. आपल्या शाईत ते हिरड्याचा काढा घालायचे आणि ती वाळली की कडेनं तांबूस झाक यायची. सोलापुरात अशी शाई दुसरीकडे कुठं सापडायची नाही, याचा त्यांना भारी अभिमान. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्या शाईचं मडकं असायचं, आणि आईचा त्यावर राग. "एक दिवस आमटीत पडेल की नाही बघा," असं ती म्हणायची. आमटीत काही पडली नाही.

बोळाच्या पलीकडच्या टोकाला विणकरांची वस्ती. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी त्यांचे हातमाग चालू व्हायचे आणि गिरणी सुटल्यावरही चालू असायचे. खट् खटक, खट् खटक. तिथं नरसय्या राहायचा, माझ्या वर्गातला, माझा जिवलग. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि मैदानात माकड. मलखांब म्हणजे त्याला अंगणातलं झाड. मी जिथं दोन वर्षं घासून पोचलो तिथं तो पहिल्या दिवशी हसत हसत गेला होता. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा की. आता खोटं बोलून काय करायचंय?

मास्तरांच्या ड्रिलमध्ये एक रीत होती, ती आधी सांगायला पाहिजे. लेझीम चालू असताना किंवा कवायतीत कुणाचं पाऊल चुकलं की मास्तर शिट्टी मारायचे. सगळे जागच्या जागी थांबायचे, नजर समोर. मग मास्तर विचारायचे, "चूक कुणाची?" ज्याची असेल त्यानं आपण होऊन एक पाऊल पुढं यायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. जो घेईल तो त्या दिवसापासून रांगेतून बाद. पुढं आलेल्याला वीस बैठका. आणि त्या वीस बैठका त्याच्या शेजारी उभं राहून मास्तर स्वतः काढायचे. "तू चुकलास म्हंजे माजं शिकवनं चुकलं," असं म्हणायचे. अहो, चाळिशीचा पैलवान गडी, आमच्यासारख्या चिलटांच्या बरोबरीनं घाम गाळायचा! पहिल्या पहिल्यांदा पोरं मजा म्हणून मुद्दाम चुकायची. मग मजा गेली आणि ती सवय झाली. शिट्टी आणि तो प्रश्न ऐकला की चुकलेल्याचा पाय विचार करायच्या आत पुढं पडायचा. माझाही पडायचा, शंभर वेळा पडलाय.

मग तीस साली गावात मार्शल लॉ आला. कसा आला, का आला, ते शहाण्या लोकांनी पुस्तकांत लिहून ठेवलंय, तिथं वाचावं. माझ्या आठवणीत आहे ते एवढंच की गोरे शिपाई पेठेतून फिरायचे आणि डोक्यावर पांढरी टोपी दिसली की काठीनं उडवायचे, वर टोपीवाल्यालाही चार द्यायचे. आईनं आमच्या घरातल्या चारही टोप्या काळ्या रंगात उकळून काढल्या, आणि त्या वाळत घालायलाही भ्यायली म्हणून चुलीमागं पसरल्या. आमच्या घामानं तो रंग कपाळावर उतरायचा. चारापेक्षा जास्त माणसं एकत्र दिसायला नकोत असा हुकूम, म्हणून ड्रिल बंद. शाळेतले लेझीम आणि लाठ्या हत्यारं म्हणून गाडीत घालून नेल्या. लेझीम हत्यार! मास्तरांना पगार चालू होता पण काम नाही. ते रिकाम्या मैदानात मलखांबाशेजारी बसून असायचे आणि रोज सकाळी त्या खांबाला एरंडेल चोळायचे.

झेंड्याची कल्पना माझी. नरसय्याची नव्हे, माझी. हे मी साठ वर्षांत कागदावर पहिल्यांदा लिहितोय. मास्तरांना बरं वाटावं, एवढीच अक्कल त्यामागं. नरसय्यानं घरातून लुगड्यांच्या कापडाच्या रंगीत चिंध्या आणल्या, त्याच्या आईनं काही न विचारता त्या जोडून शिवून दिल्या. मधल्या पांढऱ्या पट्टीवर चरखा मी काढला, अण्णांच्या मडक्यातल्या शाईनं. बुधवारी मधल्या सुट्टीत मास्तरांसकट सगळे जेवायला घरी गेल्यावर आम्ही गडग्यावरून मैदानात उतरलो. वर चढायचं ठरलं होतं मी, पण खांबाच्या टोकावरच्या बोंडाखाली हातभर अंतरावर माझी मांडी सुटायला लागली. मग नरसय्या माझ्या खांद्यावरून वर गेला आणि त्यानं गाठ मारली. पळताना शाळेच्या शिपायानं लांबून बघितलं. तोंडं त्याला दिसली नाहीत, पण दोन पोरं होती हे दिसलं.

दुपारी पोरं परत आली आणि असा काही गलका झाला म्हणता! हेडमास्तर धोतर सावरत धावत आले आणि मास्तरांना म्हणाले, ताबडतोब काढा ते. मास्तर मान वर करून बघत होते. "गाठ झ्याक मारलीया," ते म्हणाले. हेडमास्तर ओरडले. तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "म्या लावला न्हाय, म्या काडनार न्हाय." दुसऱ्या कुणाला त्या तेल लावलेल्या खांबावर चढता येईना. चार वाजता लष्कराचा गोरा साहेब मोटारीतून आला, त्याच्या एका शिपायानं शिडी लावून झेंडा उतरवला. साहेबानं तो उलटापालटा करून बघितला, चरख्यावर बोट ठेवलं आणि हेडमास्तरांना सांगितलं की उद्या सकाळी सगळ्या पोरांच्या वह्या आणि घरच्या दौती गोळा करायच्या, ही शाई कुणाची ते बघायचं. अण्णा तिथं हजेरीबुक छातीशी धरून उभे होते. त्यांनी तो चरखा बघितला.

घरी आल्या आल्या अण्णांनी माझा उजवा हात धरला आणि अंगठा उजेडात नेला. मग मला न्हाणीत ओढून नेलं, लिंबाची फोड आणि चुलीतली राख घेतली आणि अंगठा घासायला बसले. मला आयुष्यात त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी साल निघेस्तोवर घासलं. मी कळवळत होतो. आई दाराशी येऊन विचारायला लागली की काय झालं, तर तिच्यावर खेकसले. शेवटी हात सोडून म्हणाले, "उद्या मैदानात काहीही झालं, कुणीही काहीही विचारलं, तरी जागेवरून हलायचं नाही. तुझ्या आईची शपथ आहे तुला." मग मडकं उचलून त्यांनी सगळी शाई मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना नरसय्या बोळाच्या तोंडाशी माझी वाट बघत होता. "वश्या, मास्तरांना धरतील रे. आपण काय करायचं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "रीत आहे ती करायची. दोघांनी मिळून." तो "बरं" म्हणाला आणि आम्ही रोजच्यासारखे चालत गेलो. मी ते खरंच मनापासून म्हणालो होतो.

मैदानात आम्हाला रांगेत उभं केलं होतं. साहेबासाठी लिंबाच्या झाडाखाली खुर्ची आणि सोड्याची बाटली. मास्तर समोर, दोन्ही बाजूंना शिपाई. साहेबानं आधी त्यांनाच विचारलं, हेडमास्तर मराठीत सांगत होते. पोरं कोण होती? "ठावं न्हाय." माहीत असतं तर सांगितलं असतं का? "न्हाय." शिपायानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या पोटात मारला. ते वाकले आणि पुन्हा सरळ उभे राहिले. मग साहेब म्हणाला, आणा त्या वह्या आणि दौती. त्यावेळी अण्णा पुढं झाले. कमरेत लवून सलाम केला, आणि त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, तपासणीची आवश्यकता नाही. वेळ जाईल. या मास्तरांची एक रीत आहे." आणि त्यांनी ती रीत सांगितली. शिट्टी, प्रश्न, एक पाऊल, सगळं. कारकुनाची सवय, काही गाळायचं नाही; मास्तर स्वतःही बैठका काढतात हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं. हेडमास्तर खाली मान घालून इंग्रजी करत गेले. साहेब ऐकता ऐकता हसायला लागला. मास्तर अण्णांकडे बघत होते. "भाऊसाहेब," ते एवढंच म्हणाले. मी रांगेत उभा होतो आणि कालची शपथ कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

साहेबानं मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी काढून घ्यायला लावली आणि अण्णांच्या हातात दिली. तूच वाजव म्हणाला. अण्णांनी आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली. आमच्या दीडशे पोरांच्या टाचा एकदम जुळल्या. अण्णा पातळ आवाजात म्हणाले, "चूक कुणाची?" मास्तर ओरडले, "कुनी हलू नका रं!" पण उशीर झाला होता. नरसय्या माझ्या डावीकडे तिसरा होता. त्याचा पाय पुढं पडला, दुसरा त्याला जुळला, हात मांडीला चिकटले. तो पुढं बघत उभा राहिला. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं नाही. रीतच तशी, नजर समोर. माझा पाय येतोय असंच तो धरून चालला होता.

माझा आला नाही. टाच उचलली होती, हे अगदी खरं. पण समोर अण्णा होते, तोंडात शिट्टी तशीच, आणि ते माझ्याकडं असे बघत होते की मी टाच खाली ठेवली.

"दुसरा कोण?" साहेबानं विचारलं. नरसय्या गप्प. दोन कानशिलात बसल्या तरी गप्प. मग साहेबाला गंमत सुचली. त्यानं मास्तरांना विचारलं, चुकलेल्याबरोबर तू बैठका काढतोस ना? मग काढ. दुसरा पोरगा पुढं येईपर्यंत काढ. तू थांबलास की ह्याला एक वेत. आणि रांगेतल्या सगळ्यांनी मोठ्यांदा मोजायचं. जो मोजणार नाही त्यालाही वेत.

मास्तरांनी सदरा काढला, घडी करून बाजूला ठेवला आणि सुरुवात केली. एक, दोन, तीन. आम्ही मोजायला लागलो. शंभरापर्यंत ते अगदी तालमीत काढत असल्यासारखे काढत होते, चेहऱ्यावर काही नाही. ऊन वर आलं होतं. सोलापूरचं ऊन काय ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. दोनशे. त्यांच्या पाठीवरून पाणी ओघळून चोळणा चिंब झाला होता. साहेब सोडा प्यायला. तीनशेला ते क्षणभर थांबले, तळहात गुडघ्यावर टेकवून, आणि नरसय्याच्या पोटऱ्यांवर पहिला वेत बसला. तो ओरडला नाही, दम आत ओढल्याचा आवाज आला फक्त. मास्तर लगेच खाली बसले. तीनशे एक. मी प्रत्येक आकड्याला मनात म्हणायचो, आता जातो, पुढच्याला जातो. तीनशे पन्नासला जातो. चारशेला नक्की. चारशे आले आणि गेले. मी जोरात मोजत होतो. ओरडून मोजत होतो, कारण आवाज थांबला तर पाय जाईल अशी भीती होती, आणि पाय गेला नाही म्हणून लाज होती, आणि ती दोन्ही मिळून घशातून आकडे बाहेर पडत होते. पाचशेच्या पुढं मास्तर दर दहा-पंधराला थांबायला लागले. दर वेळी वेत. नरसय्या आता रडत म्हणत होता, "वद्दु, मास्तर, वद्दु." वद्दु म्हणजे नको, एवढं तेलुगू मला येत होतं. लहान वर्गातली दोन पोरं चक्कर येऊन पडली. त्यांना उचलून सावलीत नेलं आणि मोजणी चालू राहिली.

सातशे चाळीसला ते पडले. पुढच्या बाजूला, हातांवर. शिपाई म्हणाला ऊठ. त्यांनी एकदा प्रयत्न केला, अर्धे उठले, पुन्हा गेले. मग शिपायानं लाठी घेतली आणि आधी उजव्या गुडघ्यावर, मग डाव्या गुडघ्यावर मारली. हाडाचा आवाज आला. कसला आवाज ते मी लिहिणार नाही, बायकामुलं हे वाचतील. साहेबानं घड्याळ बघितलं, जेवणाची वेळ झाली होती. नरसय्याला सगळ्यांदेखत आणखी बारा वेत मारून त्याचं नाव शाळेतून कमी करायचा हुकूम झाला. ते नाव हजेरीबुकातून अण्णांनीच काढलं, तिथंच, उभ्या उभ्या, आपल्या सुंदर अक्षरात. मास्तरांना दोघांनी बखोटीला धरून ओढत मोटारीत नेलं. पाय जमिनीवरून घासत गेले.

तो गुरुवार होता. घरी आईनं आठ भाकरी करून फडक्यात झाकून ठेवल्या होत्या. "मास्तर कुठं आहेत?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "वाढ." तिनं वाढलं. मला भूक लागली होती, काय सांगू तुम्हाला, कधी नव्हे अशी भूक लागली होती. माझ्या वाट्याच्या संपल्यावर मी हात लांब करून त्या फडक्यातल्या दोन घेतल्या आणि चटणीशी खाल्ल्या. संध्याकाळी विहिरीवर आईला बायकांकडून सगळं कळलं. घागर तशीच टाकून ती घरी आली, राहिलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि एकटी तुरुंगाच्या दाराशी गेली. तिला तिथून हाकललं. परत आल्यावर ती अण्णांना म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवलीत?" अण्णा म्हणाले, "मी तुझा मुलगा वाचवला." आईनं माझ्याकडं बघितलं. तिला तोवर माझं काही माहीत नव्हतं. त्या एका वाक्यानं तिला कळलं. त्यानंतर जवळपास वर्षभर ती आम्हा दोघांशी कामापुरतं बोलली, आणि मला ती मास्तरांना वाढायची तसं वरून वाढायची.

नरसय्या मागावर बसला. पोटऱ्यांवरच्या जखमा चिघळल्या, महिनाभर त्याला माग मारता येईना. त्याच्या बापानं त्याला त्याहून जास्त मारलं असं ऐकलं. पुढं कधी नव्या पेठेत लुगड्यांचं गाठोडं खांद्यावर घेतलेला दिसायचा. मी बोळात शिरायला बघायचो, तर तोच हाक मारायचा, "काय वश्या, बरा हाईस?" त्यानं शेवटपर्यंत माझं नाव कुणापाशी काढलं नाही, आणि मलाही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. एकदा तो मला शिव्या देईल, भर रस्त्यात थोबाडीत मारील, याची मी कितीतरी वर्षं वाट बघितली. मग तो मुंबईला गिरणीत गेला आणि ते राहिलंच.

मी मॅट्रिक झालो, कचेरीत चिकटलो, लग्न झालं. परवा इथल्या डॉक्टरनं माझे पाय तपासले आणि म्हणाला, आजोबा, या वयात असे गुडघे मी बघितले नाहीत, काय खात होता तरुणपणी? मी त्याच्यावर उगाचच चिडलो आणि फी टेकवून बाहेर पडलो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरू दे.

मास्तरांना तेव्हा दीड वर्षानं सोडलं होतं, एवढं मला माहीत होतं. नोकरी गेली, ते मंद्रूपला परत गेले. जाऊन यावं, जाऊन यावं असं म्हणत मी बारा वर्षं घालवली. अण्णा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकदाचा निघालो. बाजारचा दिवस होता, गावात शेरडांची आणि माणसांची दाटी. घर विचारत गेलो. मास्तर अंगणात घोंगडीवर बसून लोकरीचं सूत काढत होते. छाती तशीच, दंड तसेच. कमरेखाली बघवत नव्हतं. पाय वाळून गुडघ्यात आखडले होते आणि हलायचं झालं तर ते दोन्ही हात जमिनीला टेकून अंग पुढं सरकवत.

"कोन?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वसंता. भाऊसाहेबांचा." "आरं! बस की. आई बरी हाय का?" मी बरी आहे म्हणालो. बसलो नाही. सोलापूरपासून घोकत आलो होतो, ते एका दमात सांगून टाकलं. "मास्तर, त्या दिवशी दुसरा मी होतो."

त्यांनी सूत थांबवलं नाही. "ठावं हाय," ते म्हणाले. "मोजताना तुजा आवाज समद्यांत मोटा येत हुता."

मी म्हणालो, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग सांगितलं का नाहीत? एक नाव घेतलं असतं तर तिथंच संपलं असतं."

"नाव म्या घ्यायचं?" ते माझ्याकडं जरा नवलानं बघत म्हणाले. मग सुताकडं बघत, सावकाश बोलले, "मला वाटलं, प्वार भ्यालंय. एकदम न्हाय यायाचं. त्याला जरा येळ द्यावा. शंबराला न्हाय तर दोनशेला यील. म्हनून म्या जोर लावून वडत हुतो. चारशेपतूर तुज्यासाटी काडल्या बग, वसंता. मग कळलं, ह्यो काय येत न्हाय. फुडच्या नरश्यासाटी काडल्या."

मी उभाच होतो. घरातून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मास्तर तिला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्येला जायाचं हाय."